नाना रावेरला गेलेत

माधू, ये, बस इथं जवळ. तो फोन पालथा ठेव आणि कानातलं काढ. तू तिकडे जर्मनीत बसून हे वाचणार हे कळतं मला, पण लिहिताना तुला शेजारी बसवल्याशिवाय माझा हात चालत नाही. आणि आधी थोडी रागावून घेते. दर रविवारी फोन करतेस, "फुई, आई बरी आहे ना?" विचारतेस, मी "बरी आहे" म्हणते, की झालं तुझं समाधान. एवढी शिकलीस, आणि बापाची बहीण खोटं बोलतेय हे आवाजावरून कळू नये तुला?

तू गेलीस तो दिवस आठव. असोद्याच्या घरापुढे गाडी उभी होती, जळगाव स्टेशनला न्यायला. तुझ्या आईने, सुमनने, तुझ्या हातावर दही ठेवलं. मी बॅगेत ज्वारीच्या पापडासारख्या बिबड्या कोंबत होते आणि तू वजन वाढतं म्हणून काढत होतीस. सगळे बाहेर आले आणि नाना एकदम मागे फिरला. म्हणे चष्मा राहिला. मी पाण्याची बाटली भरायला त्याच्या मागोमाग आत गेले, तर हा पुढच्या खोलीत भिंतीला तळहात लावून उभा. चष्मा खिशात. मला पाहून म्हणाला, "ओल धरलीय का बघत होतो, अक्का." भर उन्हाळ्यात ओल? मी बाटली भरायला वळले. म्हटलं, लेक लांब चाललीय, बापाचं मन आहे.

ती ओल कसली होती ते तुला आज सांगायचंय. तुझ्या आईने मला शपथ घातली होती, ती मी आज मोडते. तिला सांगून मोडते, चोरून नाही.

तुझ्या जाण्यासाठी नानाने हे घर गहाण ठेवलं, माधू. तुला सांगितलं केळीला भाव चांगला मिळाला. मलाही तेच सांगितलं, आणि मी धुळ्यात शेजारपाजारी सांगत फिरले की माझ्या भावाच्या केळीने पोरगी परदेशात पाठवली. तू जायच्या आठवड्यातच त्याने जळगावच्या कर्ज देणाऱ्या हाफिसात जाऊन सह्या केल्या होत्या.

तू मान खाली घालू नको. हे ओझं म्हणून नाही सांगत. पुढचं ऐक, पुढचं सगळं माझं कर्म आहे.

मी या घरातून धुळ्याला सासरी निघाले तेव्हा आमचे आबा, म्हणजे तुझे आजोबा, जीपच्या दाराशी येऊन म्हणाले होते, "रडू नको. घराला काही पाय फुटत नाहीत. तू केव्हाही ये, ते इथंच असेल." त्या एका वाक्यावर मी धुळ्यात दिवस काढले. आज लोकांना धुळं म्हणजे एसटीत एक डबा खाऊन होईतोवरचा रस्ता. मला तेव्हा ते परमुलुखासारखं होतं. आमची बोली वेगळी, त्यांची वेगळी. मी तोंड उघडलं की सासूबाई म्हणायच्या, "काय बोलस वं तू?" तिथं 'आहे'ला 'शे' आणि 'सगळं'ला 'बठ्ठं'. वर्षभर मी मुक्यासारखी भाकऱ्या थापल्या. पुढे पोरांच्या पुस्तकांवरून अक्षरं शिकले, आणि धुळ्याचं बोलणं इतकं अंगात मुरलं की आता असोद्यातल्या बाया मला "धुळ्यानी पाव्हणी" म्हणून चिडवतात. तुझंही असंच होणार बघ. तिथलीही पुरती होणार नाहीस आणि इथलीही राहणार नाहीस. पण मागे घर उभं आहे हे माहीत असलं की माणूस कुठंही तग धरतं. मी धरला.

मग पौषात नाना गेला. आंघोळ करून ओट्यावर बसला, चहा मागितला, आणि चहा येईपर्यंत राहिला नाही. तू फोनवर सगळं बघितलंस. तू यायला निघाली होतीस, आणि "परीक्षा दे, इथं आम्ही आहोत" म्हणून मीच तुला थांबवलं. त्यात माया होती, पण भीतीही होती. कारण नाना गेला त्याच संध्याकाळी सुमनने पेटी उघडून गहाणाचा कागद माझ्यापुढे ठेवला होता. मी एकेका अक्षराखाली बोट ठेवत वाचला. तू आलीस की तोही तुझ्या हाती पडेल, असं वाटलं मला.

आपल्या मागच्या गल्लीत गेल्या वर्षी काय झालं ते तुला कोणी सांगितलं नसेल. घरधनी वारला, पुढे दारावर कर्जाची नोटीस चिकटली, मग एक दिवस त्यांची बाज, जातं, भांडी सगळं गल्लीत. म्हातारी त्या बाजेवर बसून होती. ऊन चढलं तसं लोकांनी बाज सावलीत सरकवली, पण म्हातारीला आत ये कोणी म्हणेना. तेव्हापासून असोद्यात बोलतातच, धनी गेला की घर कर्ज देणाऱ्यांचं.

म्हणून मी सुमनला म्हटलं, "तिकडे कळवायचं नाही. त्यांच्या लेखी नाना आहे तोवर घर आहे."

ती म्हणाली, "अक्का, मेलेलं माणूस झाकून राहतं का?"

"गावाला माहीत असू दे. जळगावच्या हाफिसाला कशाला पाहिजे?"

माझ्या शहाणपणाची ही कथा. तेरावं झालं आणि मी धुळ्याला परत न जाता इथंच राहिले, राखण करत. दोन हप्ते चुकले आणि नानाचा फोन वाजू लागला. बंद करायची हिंमत होईना, बंद फोनवरून संशय येईल म्हणून. मी तो ज्वारीच्या कोठीत ठेवला. तो आत वाजायचा आणि अख्खी कोठी घुमायची. चुलीपुढे बसून आम्ही दोघी त्या कोठीकडे बघत असायचो. शेवटी एकदा मीच उचलला. आधी एक बाई मंजुळ आवाजात बोलली की हे बोलणं नोंदवून ठेवलं जातंय. मग माणूस आला. "नाना आहेत का?"

"नाना रावेरला गेलेत," मी म्हटलं. "केळीच्या गाडीबरोबर."

"कधी येतील?"

"गाड्या भरल्या की येतील."

असं मी तीन वेळा सांगितलं, माधू. तिसऱ्यांदा तर मला माझंच खरं वाटलं. फोन ठेवून मी वाटेकडे बघितलं.

त्यानंतर त्या हाफिसातून निरोप आला की साहेब घर बघायला येणार. त्या सकाळी ते यायच्या आत मी कामाला लागले. मी नानाचा हाराचा फोटो भिंतीवरून काढून धान्याच्या पोत्यामागे ठेवला. त्याच्या चपला दारात मांडल्या, धूळ पुसून. दोरीवर त्याचा सदरा टाकला. आणि मग मी जे केलं तेही लिहिते. मी सुमनला समोर बसवलं आणि तिच्या कपाळाला कुंकू लावलं.

ती हलली नाही. एवढंच म्हणाली, "अक्का, हे पाप नाही का?"

"पाप माझ्या माथी. तू फक्त चहा टाक."

साहेब मोटारसायकलवर आले. चष्म्याचे, केस पिकत आलेले, अंगाने किरकोळ. मी मनात राक्षस धरला होता, आणि आले ते आपल्या पोस्टातल्या माणसासारखे. खुर्चीत बसले, कागद काढले, चहा घेतला. "नाना?" विचारलं. मी म्हटलं, "रावेरला." ते मान हलवून लिहू लागले. मला वाटलं जमलं. सुमन ताट घेऊन दाराआड उभी होती.

मग त्यांनी लिहिणं थांबवलं आणि भिंतीकडे बघितलं. चौकोनी पांढरा डाग, वर खिळा. आणि खाली स्टुलावर दिवा. सकाळी सवयीने लावलेला. फोटो काढला, चपला मांडल्या, कुंकू लावलं, आणि दिवा तसाच राहिला रिकाम्या भिंतीपुढे. साहेब बराच वेळ त्या दिव्याकडे बघत होते. मग पेनाचं टोपण लावलं आणि हळूच विचारलं, "मावशी, कधी गेले?"

मला वाटलं आता हा उठेल, कुलूप मागवेल, आमची बाज बाहेर काढेल. दाराआडून तुझ्या आईनेच उत्तर दिलं. "पौषात," ती म्हणाली. "चहा मागितला होता त्यांनी."

साहेबांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, "अहो, मग कळवायचं नाही का? या कर्जावर नानांचा विमा आहे. माणूस गेला तर विम्यातून कर्ज फिटतं आणि घर मोकळं होतं. तुम्ही कोणापासून लपवत होता?"

बघ कसं असतं. ज्या गोष्टीने घर वाचणार होतं तीच मी कोठीत दाबून बसले होते.

ते गेल्यावर सुमन आतल्या आरशापुढे गेली आणि ओल्या फडक्याने कपाळ घासत राहिली. रंग निघाला तरी घासत होती. मी धरायला गेले तर म्हणाली, "एकदा दहाव्याला पुसलं, अक्का. एकदा आज."

आता तुला वाटेल, मग भीती कसली? ऐक. साहेब भले आहेत, पण निर्णय त्यांच्या हातात नाही. फाइल वर गेलीय. वरचे विचारतायत की माणूस पौषात गेला, तर माघात आणि फाल्गुनात घरचं माणूस फोनवर नाना रावेरला गेलेत असं का सांगतंय. माझा आवाज त्यांच्याकडे आहे. तीन वेळा. मी लेखी दिलंय की मी अडाणी बाई घाबरून खोटं बोलले, दुसऱ्या कोणाचा त्यात दोष नाही. ते मान्य करतील की नाही, साहेबांनाही माहीत नाही. मला एकच दिसतं, माझ्या भावाचं घर माझ्याच जिभेने गेलं तर मी वर जाऊन त्याला काय तोंड दाखवू. मोटारसायकलचा आवाज आला की अजून हातातलं काम टाकून मी दाराशी जाते.

दुसरं असं की विम्याच्या कागदावर नानाने वारस म्हणून तुझं नाव घातलंय. सुमनचं नाही, तुझं. साहेब म्हणतात, मुलीने समोर बसून सही करायला हवी, आणि वैशाख संपायच्या आत.

सुमन म्हणते कळवू नका, शिक्षण सोडून येईल. मी म्हटलं, लपवून काय होतं ते आपण बघितलं ना? तेव्हा ती स्वतःच म्हणाली, "लिहा."

आबांचं ते वाक्य मी आयुष्यभर खरं धरलं. आता कळतं, घराला पाय फुटतात, बरं का. आपण खोटं बोललो की फुटतात, आपण लांब राहिलो तरी फुटतात. माझ्यासाठी घर म्हणजे आता भिंती नाहीत. ज्या दारात उभं राहून खरं बोलता येतं तेवढीच जागा घर. नानाचा फोटो परत खिळ्यावर आहे. फोन कोठीतून काढून कोनाड्यात ठेवलाय. वाजला की मी सगळ्यांत आधी एवढंच सांगते, "नाना वारले. मी त्यांची बहीण बोलतेय."

आखाजी जवळ आली, माधू. अक्षय तृतीयेचा, लेकी माहेरी यायचा सण. आणि यंदा नानाच्या नावाची पहिली घागर भरायची आहे. पाणी मी भरून ठेवीन, पण तू असावीस. झोका तुझ्या जुन्या कडुनिंबालाच बांधते. परीक्षा झाली की दुसऱ्या दिवशी नीघ. माझ्यासाठी काही आणू नको, चॉकलेटं तर नकोच, दात राहिलेत कुठे. ये फक्त, आणि लवकर ये. दाराला अजून आपलंच कुलूप आहे.