जावयाचं रक्त चालत नाही

“मॅडम, मेलो तरी बेहत्तर, पण जावयाचं रगत अंगात घेणार न्हाई!”

माणिकराव हे ठणकावून बोलले तेव्हा त्यांचं हिमोग्लोबिन पाचवर होतं. जळकोटकडचे शेतकरी. ट्रॅक्टर उलटला, प्लीहा फुटली, पोटात रक्तच रक्त. लातूरच्या आमच्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं, भूल मी दिली. त्यांचा ग्रुप ओ निगेटिव्ह; होत्या तेवढ्या पिशव्या टेबलावरच संपल्या. रक्तस्राव थांबला, पण आयसीयूत आल्यावर लघवी आटत चालली. रक्ताचं मुख्य काम म्हणजे ऑक्सिजनची हमाली. हमाल कमी पडले की किडनी उपाशी राहते, आणि फार वेळ उपाशी राहिली तर कायमची बसते.

पॉझिटिव्ह रक्त देता येत नव्हतं. पूर्वी एकदा दिलेलं, त्यामुळे अंगात त्याच्याविरुद्ध अँटीबॉडीज तयार झालेल्या. नांदेडहून एक पिशवी निघणार होती, पण संध्याकाळपर्यंत थांबायची माझी हिंमत नव्हती. हाताशी ओ निगेटिव्ह माणूस एकच होता. बालाजी, त्यांचा जावई. उमरीचा लाइनमन, नेहमीचा रक्तदाता, बातमी कळताच धावत आलेला.

“लेक दिली त्या घरचं काय घेत नसतेत, मॅडम. गाव काय म्हणंल?”

“गाव तेराव्याला येऊन जेवेल, मामा.”

“तुम्ही ते बनावट रगत लावा की! मोबाइलमधी दाखवायलेत. पांढरं असतंय म्हणं, दुधावानी.”

मी कपाळाला हात लावला. माणसाला किडनी कुठे असते ते माहीत नाही, पण हे माहीत! तसं ते खोटं नव्हतं. कृत्रिम ऑक्सिजन वाहक म्हणतात त्याला. एक प्रकार असतो पांढरा, त्यात ऑक्सिजन विरघळतो. दुसऱ्यात हिमोग्लोबिन पेशीतून काढून बारीक पुड्यांत बांधतात. ग्रुपची भानगड नाही. रक्त मिळेपर्यंत किडनी, मेंदू तगवायचे, हाच त्याचा हेतू. पण सुरुवातीच्या काहींनी बीपी चढवलं, हृदयाला त्रास दिला. अजून संशोधन चाललंय.

“तुमच्यासारख्यांसाठीच बनवतायत, मामा. पण लातूरला पोचलं नाही अजून.”

“मग मागवा.”

ऑपरेशन केलेले सर राउंडला आले. “काउन्सेलिंग करा,” म्हणाले आणि गेले. काउन्सेलिंग म्हणजे सर्जनने निघून जायचं आणि भूलवालीने डोकं फोडून घ्यायचं. रुग्ण शुद्धीत आहे आणि नको म्हणतोय, तर थेंबही देता येत नाही. मला खरंच भीती वाटत होती.

बाहेर त्यांची लेक सुरेखा रडत होती. मी विचारलं, “तुझे बाबा कुणालाच घाबरत नाहीत का गं?”

“जावई रुसला की घाबरतेत,” ती नाक पुसत म्हणाली.

झालं! मी बालाजीला कोपऱ्यात घेतलं. “रुसा.”

“मला न्हाई जमत, मॅडम.”

“लग्नात रुसला असाल ना?”

“तवा मामेभाऊ बाजूला उभा राहून सांगत होता.”

मग मीच मामेभाऊ झाले. दोनदा तालीम घेतली. बालाजी आयसीयूच्या दारात उभा राहिला आणि डोळे मिटून एका दमात म्हणाला, “मामा, माझ्या रगतात खोट हाय म्हणून नको म्हणता ना? मग ऱ्हायलं. दिवाळीला येणार न्हाई. सुरेखालाबी पाठवणार न्हाई!”

सुरेखाचं वाक्य मी शिकवलं नव्हतं. ते त्याचं स्वतःचं. मग तो तावातावाने वळला आणि बाहेर जायच्या ऐवजी स्टोअररूममध्ये शिरला. शरमेने तिथेच बसून राहिला.

“अहो पाव्हणं! मॅडम, धरा त्यांना! घ्या रगत, काढा रगत, पण त्यांना जाऊ देऊ नका!”

अट मात्र घातलीच. फुकट घेणार नाही, आधी जावयाला मानाची टावेल-टोपी. सुरेखा गंजगोलाईच्या बाजाराकडे पळाली. रक्तपेढीतल्या तपासण्या, क्रॉसमॅच होईपर्यंत बालाजी टोपी घालून बाकावर बिस्किट खात होता. त्याची पिशवी लागली, संध्याकाळी नांदेडची लागली. सकाळी युरिन बॅग निम्मी भरलेली. ते पिवळं पाणी बघून मला नाचावंसं वाटलं. पुढे काही दिवसांत किडनीचे रिपोर्ट जागेवर आले.

डिस्चार्जच्या दिवशी माणिकरावांनी मला जवळ बोलावलं.

“मॅडम, पाव्हण्याला रुसायला तुम्हीच शिकवलं ना?”

मी डिस्चार्जच्या कागदात डोकं घातलं.

“गरीब माणूस हाय ते. त्याला कुठलं रुसायला येतंय! तवाच वळखलं मी.”

“मग हो कशाला म्हणालात?”

“मरायची हौस कुणाला असती, मॅडम? गावाला सांगायला कारण पायजे होतं. जावई रुसला म्हटलं की कुणी काय बोलत न्हाई.”

कृत्रिम रक्त लातूरला येईल तेव्हा मी आनंदाने लावीन. तोवर नको म्हणणाऱ्या पेशंटला मी रक्ताचे फायदे सांगत बसत नाही. त्याला गावात काय सांगायचंय, ते आधी विचारते.