विंडोज, लिनक्स आणि आईचा आवाज

घशाच्या ऑपरेशनमध्ये आईचा आवाज कायमचा गेला. त्याच्या आदल्या आठवड्यात मी तिला कॉम्प्युटरच्या माईकसमोर बसवून पोटभर बोलायला लावलं होतं. तांबड्या रश्श्याची कृती, शेजारणीच्या चहाड्या, मला घातलेल्या शिव्या, सगळं त्यात होतं. एवढं रेकॉर्डिंग फ्लॉपीत मावेना आणि सीडी रायटर आमच्याकडे नव्हता, म्हणून ते डिस्कवरच राहिलं. घरी आल्यावर आई पाटीवर लिहून बोलू लागली. रेकॉर्डिंगचं विचारलं तर तिनं लिहिलं, "आत्ता नको. दसऱ्याला ऐकेन."

मला कोर्ससाठी विंडोजच्या शेजारी लिनक्स ही दुसरी सिस्टीम हवी होती. कागलचा मित्र सीडी घेऊन आला, तोही नेमका खंडेनवमीच्या सकाळी. एका डिस्कची दोघांत वाटणी करायची, म्हणजे आधी विंडोजला सरकवून जागा मोकळी करायची.

"आतलं कुठं पळून जातंय व्हय? काय हुत न्हाय की!" मी रेकॉर्डिंगचं विचारलं तसा मित्र म्हणाला.

पडद्यावरची पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकू लागली. खाली इंग्रजीत सूचना होती, वीज बंद करू नका. वेळ लागणार म्हणून आम्ही मिसळ खायला गेलो.

परत आलो तर पडदा काळा. कॉम्प्युटरला हळदकुंकू आणि झेंडूची माळ. खंडेनवमीला हत्यारं पुजायची, वापरायची नाहीत, हा आमच्या घरचा नियम. विळी, वडिलांचे पाने-हातोडे, शिलाई मशीन यांच्याबरोबर आईनं कॉम्प्युटरलाही विसावा दिला होता, भिंतीवरचं बटण बंद करून. हाक मारून विचारायला तिच्याकडे आवाज कुठे होता?

पुन्हा सुरू केला, पण विंडोज उठेना. लिनक्स तर अजून आलंच नव्हतं. दसऱ्याच्या सकाळी डिस्क दुरुस्तीवाल्याकडे नेली. त्यानं बराच वेळ खटपट केली.

"पावणं, डिस्क चांगली हाय," तो म्हणाला. "आतलं इसरा."

असा संताप आला की ती डिस्क रंकाळा तलावात फेकावी. पण राग काढायचा कुणावर? मित्रावर, सणावर, की त्या मुक्या बाईवर? तिला सांगायला माझीही जीभ रेटेना.

संध्याकाळी आईनं सगळ्यांच्या हातावर आपट्याची पानं ठेवली. मग खुर्ची ओढून कॉम्प्युटरसमोर बसली, पदर सारखा केला आणि पाटी माझ्यापुढे धरली.

"लाव आता."