घरात माणसे किती

ऑर्वल टेस्केला बोलायला तीन मिनिटे मिळत आणि तो अडीच मिनिटांत आटपत असे. उरलेले अर्धे मिनिट त्याच्या बायकोचे, ल्युएलाचे. ती व्हीलचेअरमध्ये बसून दरवर्षी एवढेच म्हणायची, "यंदा तरी फूटपाथ करा बाई, माझी हाडं खिळखिळी झाली." मग आम्ही तिघे हसायचो. त्या सभागृहात हसायला दुसरे कोणी नसायचेच.

मी ब्रॅडमोर शहराच्या विकास खात्यात बावीस वर्षे आहे. वॉशिंग्टनहून केंद्र सरकारचे अनुदान येते. ते गरीब वस्त्यांवर कसे खर्चायचे, याचा वर्षाचा आराखडा मी करते. आराखडा मंजूर होण्याआधी जनसुनावणी घेतलीच पाहिजे असा कायदा आहे. लोकांनी आलेच पाहिजे असा मात्र नाही. तेव्हा दर मे महिन्यात एका मंगळवारी संध्याकाळी साडेपाचला मी चाळीस खुर्च्या मांडते, रेकॉर्डिंगचे यंत्र सुरू करते आणि रिकाम्या खुर्च्यांना जाहीर सूचना मोठ्याने वाचून दाखवते. कोणी येवो न येवो, तासभर सुनावणी उघडी ठेवायची. एरवी रस्त्यात खड्डा दिसला की आमच्या नावाने बोटे मोडणारे शहरात हजारो आहेत. पैसा कुठे जावा हे ठरायच्या दिवशी मात्र सगळ्यांना कामे निघतात. याचा मला संताप येतो आणि तो मी लपवत नाही.

ऑर्वल शहराच्या बस गॅरेजमध्ये ब्रेकचा मेकॅनिक होता. साठी उलटलेला, उंच, जरा पोक आलेला, नखांतले काळे कधीच न गेलेले. राहायचा क्वॉरी स्ट्रीटवर. त्या रस्त्याला फूटपाथ नाही. एका बाजूला उघडे गटार, दुसऱ्या बाजूला लोकांच्या टपालपेट्या आणि मधून गाड्या. ल्युएलाचे पाय गेल्यावर तो तिला रविवारी चर्चला आणि बुधवारी केस सेट करायला त्याच रस्त्यावरून ढकलत नेई. खुर्चीच्या पाठीला मुलांच्या सायकलला असते तसली केशरी झेंडी लावलेली. एका डिसेंबरात बर्फ सारणाऱ्या ट्रकचा आरसा खुर्चीच्या हाताला घासून गेला आणि ल्युएला कडेच्या बर्फात पडली. पुढच्या मे महिन्यात दोघे पहिल्यांदा सुनावणीला आली. मग अकरा वर्षांत एकदाही चुकली नाहीत.

ल्युएला येताना डबा आणायची. पीनट बटरचे लाडवाएवढे गोळे, चॉकलेटमध्ये बुडवलेले. सुनावणी उघडी ठेवायच्या तासात आम्ही ते खात बसायचो. ती मला माझ्या घटस्फोटावरून चिडवायची. "कोरीनबाई, तुम्ही नवऱ्यालासुद्धा तीनच मिनिटं द्यायचात का हो?" खरे सांगते, वर्षातला तो एक तास मला हवासा वाटे. एरवी माझ्याशी टेबलावर बसून निवांत खाणारे कोणी उरले नव्हते.

फूटपाथ होत नव्हता तो नियमामुळे. वस्तीतली शंभरांतली एकावन्न माणसे कमी उत्पन्नाची असतील, तरच हा पैसा तिथे घालता येतो. आणि जनगणनेच्या नकाशात क्वॉरी स्ट्रीट नदीकाठच्या नव्या उंची फ्लॅटांबरोबर एकाच चौकोनात बसला होता. तिथले डॉक्टर, वकील मोजले की आकडा बिघडायचा. मी हे समजावले तेव्हा ऑर्वल म्हणाला, "म्हणजे शेजारी जेवला की आमचं पोट भरलं, असंच ना?"

"असंच," मी म्हणाले.

गेल्या वर्षी मी नियमांच्या पुस्तकातून एक वाट शोधून काढली. फूटपाथ ज्या घरांसमोरून जाईल, तेवढ्याच घरांची वेगळी पाहणी करायची. त्यासाठी दारोदार फिरून प्रश्नांची पाकिटे वाटणारा आणि गोळा करणारा भरवशाचा माणूस हवा होता. ल्युएलाने लगेच नवऱ्याकडे बोट दाखवले. "हा करेल. नाहीतरी हिवाळाभर घरात बसून माझं डोकं खातो."

नोव्हेंबरात ती न्यूमोनियाने गेली. अंत्यविधीला आम्ही बाराजण होतो. थंडी मी म्हणत होती आणि ऑर्वल टोपी हातात घेऊन उघड्या डोक्याने उभा होता. मी मनातल्या मनात पाहणीच्या कामावर पाणी सोडले. पण जानेवारीत तो माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहिला.

"पाकिटं द्या."

"ऑर्वल, घाई नाही. मी दुसरं कोणी बघते."

"सेहेचाळीस घरं आहेत. सेहेचाळीस पाकिटं द्या."

कामावरून सुटल्यावर आणि शनिवारी तो फिरायचा. त्याच्यासमोरच राहणारा डेविट कून्ट्झ म्हणे दार अर्धेच उघडून उभा राहिला.

"माझी मिळकत विचारणारा तू कोण रे? कर खात्याचा जावई?"

"नाव लिहायचं नाही, पगार सांगायचा नाही. घरात माणसं किती ते लिही, आणि तेवढ्या माणसांसमोर जी रक्कम छापली आहे तिच्या वर की खाली, एवढी खूण कर. मग पाकीट चिकटव. तुझी श्रीमंती माझ्यापासून सुखरूप आहे."

"आणि फूटपाथ झाला की त्यावरचं बर्फ कोण उपसणार? ज्याच्या घरासमोर, त्यानंच ना?"

"तुझं मी उपसतो. झालं? पण खरं तेच लिही."

दर शुक्रवारी तो गोळा झालेली पाकिटे आणून द्यायचा आणि हे सगळे मला सांगत बसायचा. "लोक आत बोलावतात, कॉफी देतात," तो एकदा म्हणाला. "नोव्हेंबरपासून एवढं बोललोच नव्हतो. गॅरेजात बोलणार कुणाशी, सगळं ठोकाठोकीत जातं." मग जरा थांबून म्हणाला, "घरी गेलो की दारातून अजून हाक मारतो. 'आलो गं' म्हणतो. मग आठवतं." मी पाकिटे मोजल्यासारखे केले.

मार्चमध्ये मी पाकिटे फोडली. वर फक्त घराचा नंबर. दोनशे बाराचे पाकीट ऑर्वलचे. आतल्या कागदावर पहिला प्रश्न: घरात माणसे किती? त्याने लिहिले होते: २. आणि खूण 'खाली' या चौकटीत.

इथे नियम सांगायला हवा. घरात माणसे जास्त तशी उत्पन्नाची मर्यादा जास्त. ऑर्वलचा पगार दोघांच्या मर्यादेच्या आत होता, एकट्याच्या मर्यादेच्या किंचित वर. म्हणजे बायको गेली की त्याच पगारात माणूस सरकारच्या लेखी सधन होतो. हा नियम ज्याने केला, त्याने एकट्याने घर चालवून पाहावे. एक माणूस कमी झाले म्हणून छप्पर निम्मे गळत नाही.

मी बेरीज केली. ऑर्वलच्या दोन माणसांसकट रस्त्यावर एकशे अठरा माणसे, त्यांतली एकसष्ट कमी उत्पन्नाची. एकावन्न टक्क्यांच्या वर. मग खरी बेरीज केली. एकशे सतरा माणसे, एकोणसाठ कमी उत्पन्नाची. पन्नास आणि वर थोडे. नापास.

कागद पुढ्यात घेऊन मी दुपारभर बसले. माझ्या मनात आले, म्हातारा आतल्या गाठीचा निघाला. पुढच्या क्षणी मनात आले, बरेच केले. अकरा वर्षे सरळ मार्गाने जाऊन मिळाले काय, तर बायको फूटपाथ न बघताच गेली. बावीस वर्षांत मी एकही खोटा आकडा आराखड्यात घातला नव्हता. हा घातला. आराखड्याच्या मसुद्यात क्वॉरी स्ट्रीटचा फूटपाथ आला आणि मी ऑर्वलला फोन करून तसे सांगितले. मग तो म्हणाला, "बरं. बरं झालं."

मे महिन्यात सुनावणीला तो कोट घालून आला. दुसऱ्या ओळीत, कडेची जागा मोकळी सोडून बसला. तिथे तिची खुर्ची असायची. मी सूचना वाचली आणि कोणाला बोलायचे आहे का, असे विचारले. चाळीस खुर्च्यांतून तो एकटा उठला.

"ऑर्वल टेस्के, दोनशे बारा क्वॉरी स्ट्रीट. मला आभार मानायचे आहेत." तो थांबला. "आणि एक विचारायचं आहे. एवढी वर्षं जमलं नाही, मग या खेपेला जमलं कसं?"

"पाहणीमुळे. तुमचे आभार नोंदवले, ऑर्वल. बसा."

"कितीनं जमलं?"

"थोडक्यात."

"थोडक्यात म्हणजे? कोरीनबाई, बिघडलेली गाडी आपली आपण चालायला लागली तर मला झोप लागत नाही."

"एका घरानं," मी म्हणाले.

"कुणाच्या?"

मी रेकॉर्डिंगचे यंत्र बंद केले. सुनावणी चालू असताना ते बंद करायचे नसते. पाहणीचे कागद माझ्या फाइलीत होते. मी दोनशे बाराचा कागद काढून त्याच्या हातात दिला. त्याने चष्मा लावला आणि कागद दिव्याकडे धरला.

"हे अक्षर माझं आहे."

"हो."

"मी दोन लिहिलं?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्याने लबाडी केलीच नव्हती. घरात माणसे किती असे कागदाने विचारले, आणि चाळीस वर्षे जे उत्तर होते ते हाताने लिहून टाकले. मी मात्र त्याला लबाड समजले होते आणि वर त्याचे कौतुकही केले होते. मला स्वतःची फार शरम वाटली. पण फूटपाथ मला अजूनही हवा होता.

"राहू द्या ना," मी म्हणाले. "तपासायला कोणी येत नाही. निदान ल्युएलासाठी राहू द्या."

"तिला आता फूटपाथ लागत नाही, बाई." त्याने चष्मा काढला. "लागणार तो डेविटच्या आईला. तिला वॉकर दिलाय गेल्या महिन्यात. म्हणजे मला कळत नाही असं नका समजू. मी काय करतोय ते मला चांगलं कळतंय."

"मग?"

"ज्या बसच्या कागदावर माझी सही असते, तिचे ब्रेक मी स्वतः दाबून बघितलेले असतात. पंचेचाळीस घरांत जाऊन सांगितलं, खरं तेच लिहा. आणि माझ्याच कागदावर हे?" त्याने यंत्राकडे हात केला. "ते चालू करा."

मी हलले नाही.

"कोरीनबाई, चालू करा. नाहीतर नंतर माझ्या तोंडून निघणार नाही."

मी बटण दाबले. त्याने पुन्हा नाव सांगितले, पत्ता सांगितला, जसा नियम आहे तसा. मग समोरच्या रिकाम्या खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरून म्हणाला, "माझ्या कागदावर चूक झाली आहे. घरात मी एकटा असतो. माझी बायको नोव्हेंबरात वारली. आता घरात दुसरं कोणी नाही."

एवढे सांगायला त्याला तिन्ही मिनिटे लागली. मी घड्याळ पाहत होते, कारण त्याच्याकडे पाहवत नव्हते.

त्याने आकडा खोडला, शेजारी नवा लिहिला आणि सही केली. लगेच निघून जाईल असे वाटले होते, पण तो जागेवर जाऊन बसला. तास संपेपर्यंत आम्ही दोघे बसून होतो. जाताना म्हणाला, "डेविटला मी सांगतो. तुम्ही नका सांगू. त्याच्या शिव्या मला खायच्यात."

फूटपाथ आराखड्यातून निघाला. तो पैसा गिरणीपलीकडच्या वस्तीतल्या दिव्यांकडे गेला. तिथेही गरज होती, नाही असे नाही.

आराखडा वॉशिंग्टनला पाठवताना शेवटी एक तक्ता जोडावा लागतो. सुनावणीत नागरिक काय म्हणाले आणि त्यावर शहराचे उत्तर काय. मी लिहिले: उपस्थित नागरिक एक. त्यांनी सांगितले की ते आता घरात एकटे राहतात. पुढच्या रकान्यात दोनच उत्तरे चालतात, मान्य किंवा अमान्य. त्या रकान्यापाशी मी कितीतरी वेळ थांबले. शेवटी शहराच्या वतीने लिहिले, मान्य.