जानेवारीचा लेख मार्चमध्ये का सापडला नाही

निवृत्त झाल्यापासून भेटेल तो विचारतो, सगळ्यांत अवघड तपास कोणता? त्याला खून नाहीतर दरोडा ऐकायचा असतो. मला मात्र एका बाईच्या कानांचं प्रकरण आठवतं आणि आजही डोकं चक्रावतं.

शिरूर तालुक्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपून डाक बघत होतो, तेवढ्यात रांजणगावच्या कंपनीतला एक कामगार पहिली पाळी बुडवून आईला घेऊन आला. मूळचे दौंड तालुक्यातल्या राहू गावचे. आईची तिकडे शेवंतीची शेती. मुलाकडे आली असताना तिला जंतुसंसर्ग झाला, म्हणून त्याने तिला जवळच्या एका लहान खासगी रुग्णालयात दाखवलं. संसर्ग बरा झाला, पण मार्चच्या अखेरीला तिला दोन्ही कानांनी ऐकू येईनासं झालं.

"साहेब, डॉक्टरला समदं म्हाईत व्हतं," तो म्हणाला. "ही दोन औषधं एका टायमाला दिली तर कान जात्यात, आसं छापून आलंय. जानेवारीत! आन् माझ्या आईला दिली मार्चमधी."

फार्मसी शिकलेल्या एका मित्राने त्याला छापील कागद काढून दिला होता. वैद्यकीय लेखांचा एक मोठा डेटाबेस असतो आणि त्यात कुणालाही शोध घेता येतो, हे मला त्या दिवशी कळलं. कागदावर लेखाचं नाव होतं, खाली जानेवारीचा अंक. अर्ज चौकशीवर घेतला आणि मनातल्या मनात डॉक्टरला दोषीही ठरवून टाकलं. खोटं कशाला बोलू?

डॉक्टर पन्नाशीचे, शांत गृहस्थ. जबाबाला आले ते केसपेपर घेऊनच. म्हणाले, "त्यातलं एक औषध नवं होतं. म्हणून देण्याआधी मी स्वतः शोधलं. धोक्याचं काही सापडलं नाही."

त्यांनीही कागद पुढे केला. त्याच डेटाबेसचा, शोधाचे शब्दही तेच. कोपऱ्यात तारीख चार मार्च. आणि यादीत तो लेख नाही.

मी टेबलावर हात आपटला. "डॉक्टर, जानेवारीत छापलेला लेख मार्चमध्ये दिसत नाही? मला काय खुळा समजता?"

"मलाही कळत नाही साहेब. पण मी शोधलं होतं."

तासभर उलटसुलट विचारलं. माणूस खोटं बोलत असला की दर वेळी थोडी भर घालतो, हा माझा अनुभव. हे गृहस्थ तेच एक वाक्य बोलत राहिले. मग कागदच बनावट असणार, अशी मी स्वतःची समजूत घातली. त्यांच्या संमतीने आमच्या सायबरच्या अंमलदाराने संगणक तपासला. चार मार्चचा शोध खरा निघाला! आता दोन्ही कागद खरे आणि दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध.

शेवटी दोन्ही कागद घेऊन पुण्यातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात गेलो. तिथल्या ग्रंथपाल बाईंनी ते पाहून विचारलं, "साहेब, तुम्ही यातली कोणती तारीख बघताय?"

"म्हणजे? लेखाला तारखा असतात किती?"

त्यांनी पडद्यावर लेखाची नोंद उघडली. अंकावरची तारीख जानेवारी. लेख डेटाबेसमध्ये दाखल झाल्याची तारीख अकरा मार्च. लहान नियतकालिक, नोंद उशिरा आली होती. "प्रकाशनाच्या तारखेने शोधलंत तर आज हा जानेवारीतच दिसणार. चार मार्चला कुणाला काय दिसू शकत होतं, हे बघायचं तर दाखल झाल्याची तारीख लावायची."

मी कपाळावर हात मारला. आमच्या एफआयआरमध्ये गुन्हा घडल्याची तारीख वेगळ्या रकान्यात आणि ठाण्याला खबर मिळाल्याची वेगळ्या रकान्यात असते. उभी नोकरी मी ते रकाने भरले, नव्या पोरांना त्यावरून झापलं, आणि इथे एकच तारीख धरून बसलो होतो.

डॉक्टर खोटं बोलत नव्हते. हलक्या मनाने मी दोन्ही बाजूंना ठाण्यात बोलावलं आणि मुलाला सगळं समजावलं. लेख अकराला आला, डॉक्टरांनी चारला शोधलं, त्यांना दिसणार कसा?

तो खाली बघून ऐकत होता. मग म्हणाला, "पटलं साहेब. पण अकराला आईच्या गोळ्या चालूच व्हत्या की."

मी केसपेपर उघडले. औषधं पंचवीस तारखेपर्यंत चालू होती. महिनाभर ते केसपेपर माझ्या टेबलावर होते आणि ही तारीख मी बघितलीच नव्हती. डॉक्टर खरं बोलतात की खोटं, एवढंच मी शोधत राहिलो. बाईचे कान वाचले असते का, हा प्रश्न माझ्या तपासात कुठे नव्हताच.

डॉक्टर हळूच म्हणाले, "मी परत बघितलं नाही. एकदा बघून झालं होतं ना."

सगळ्या तारखा लिहून कागद सरकारी वैद्यकीय समितीकडे पाठवले. फौजदारी स्वरूपाचा निष्काळजीपणा नाही, असं त्यांचं मत आलं आणि अर्ज निकाली निघाला. कायद्याने ते बरोबरच होतं. पण डॉक्टरांनी पुन्हा एकदा बघायला हवं होतं की नाही, हे मला आजही ठरवता येत नाही. एवढं मात्र शिकलो की संशयिताला खोटं पाडण्याच्या नादात आपण तक्रारदाराचाच प्रश्न विसरतो.

निकाल सांगायला मायलेकांना बोलावलं. मुलगा गाडी लावत होता, आई आधी आत आली. "काय ठरलं साहेब?" तिने फार मोठ्याने विचारलं. तिला स्वतःचा आवाजही ऐकू येत नव्हता. मी दोनदा उत्तर दिलं, मग भानावर आलो. कोरा कागद ओढला, सवयीने वर तारीख टाकली. पुढे काय लिहावं ते मला सुचेना आणि ती बाई माझ्या पेनाकडे बघत उभी राहिली.