आत्याच्या आवाजावर चाललेलं दुकान

आमच्या चिरंजीवांचा धंदा काय, असं कुणी विचारलं की मी हल्ली "कॉम्प्युटरचं काहीतरी" म्हणते आणि विषय बदलते. खरं सांगायचं तर तो साडी गुंडाळून पोट भरतो. साडी माझी, आवाज त्याच्या आत्याचा.

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना त्याने आमच्या हिमायतनगरच्या गच्चीवर पहिल्यांदा आत्याचं सोंग केलं आणि त्याचा व्हिडिओ इंटरनेटवर टाकला. निम्मी मराठी, निम्मी दखनी, मध्येच भाजीवाल्याशी तेलुगूत भांडण. त्याची खरी आत्या, म्हणजे माझी मोठी नणंद, तारनाक्याला एकटीच राहते. ताई कॉलेजात ग्रंथपाल होत्या, लग्न केलं नाही, आणि या पोराला सगळ्या सुट्ट्यांत त्यांनीच सांभाळलं. व्हिडिओ बघून त्या पोट धरून हसल्या. "मी अशी बोलते?" म्हणाल्या. मी म्हटलं, "अशीच बोलता." इथवर सगळं गोड होतं.

मग लाखांनी बघणारे आले आणि त्यांच्या मागोमाग भानगडी. मेट्रोत अनोळखी म्हाताऱ्यांच्या गळ्यात पडून रडायचं सोंग केलं, त्यावरून बोंब झाली. एकदा बिर्याणीला नावं ठेवली. या शहरात माणूस सख्ख्या बापाला नावं ठेवून सुटेल, बिर्याणीला ठेवून नाही. दर वेळी माफीचा व्हिडिओ यायचा. काळा टी-शर्ट, खोलीत अंधार, सुरुवातीला एक लांब सुस्कारा. आणि ती माफी मूळ गुन्ह्यापेक्षा जास्त लोक बघायचे! मी ओरडले की हा शांतपणे म्हणायचा, "आई, लोक बघत राहतात ना, ह्याला एंगेजमेंट म्हणतात. तू टेन्शन नक्को लेऊ." माझं रक्त उकळायचं आणि हा चहात बिस्किट बुडवत बसायचा.

गेल्या वर्षी तो रॅपर झाला. झाला म्हणजे, एका सकाळी त्याने तसं जाहीर केलं. कुकटपल्लीत मित्राच्या खोलीत भिंतींना स्पंज चिकटवून दोघं गाणी करू लागले. मराठी धड वाचता येत नाही, म्हणून मराठी गाणी इंग्रजी अक्षरांत लिहायची. लगेच दुसऱ्या एका रॅपरशी भांडण जुंपलं. त्याने गाण्यातून शिव्या द्यायच्या, याने गाण्यातूनच परत करायच्या. नळावरच्या बायका पूर्वी हेच करत, पण घागरी भरल्या की घरी तरी जात. यांचं संपेचना.

ताईंना ते बघवलं नाही. त्यांनी त्याच्या फोनवर निरोप बोलून पाठवला, "अरे, काय करायलास हे? शिव्या नक्को देऊ. अशानं म्हातारपणी तुला कुत्रं विचारणार नाही." या शहाण्याने त्यांचा तो खराखुरा आवाज तसाच्या तसा उचलून गाण्यात घातला. पाठोपाठ ढोल, आणि त्यावर याचं उत्तर: "तेरेकू कौन पूछा, आत्या?" पुन्हा ढोल, पुन्हा तेच.

मी ते ऐकलं आणि माझा हात त्याच्या कानाखाली जाता जाता राहिला. लग्न न झालेल्या बाईला 'तुला विचारलं कोणी?' हा प्रश्न लोक जन्मभर पाठीमागे विचारत आले होते. घरच्या पोराने तो चालीवर बसवून गावभर वाटला. ताईंच्या इमारतीच्या फाटकाशी क्लासला जाणारी पोरं घोळका करून उभी असतात. ताई दिसल्या की ती ओळ ओरडू लागली. आधी ताईंचं भाजीला जाणं बंद झालं, मग शनिवारचं भजन. मग दारसुद्धा त्या साखळी लावून, निम्मंच उघडायला लागल्या.

आमचं घराणं पिढ्यानपिढ्या सरकारी नोकरीतलं आणि वकिलीतलं. दुसऱ्यांची भांडणं कचेरीत, आपली माजघरात. चुकलेल्याने नारळ घेऊन मोठ्यांच्या घरी जायचं, पाया पडायचं, सगळ्यांनी मिळून जेवायचं आणि त्या विषयावर पुन्हा कुणी चकार शब्द काढायचा नाही. आमच्या ह्यांनी तेच फर्मावलं. मलाही ते पटलं, कारण माफीच्या व्हिडिओंचा मला वीट आला होता. मी पोराला बजावलं, "या वेळी फोन बाहेर काढलास तर याद राख."

मी त्याला घेऊन तारनाक्याला गेले. तो मुकाट पाया पडला. रडलाही, आणि ते रडणं खरं होतं, आईला कळतं. मी नारळ ताईंच्या हातात ठेवला. त्या तो मांडीवर घेऊन बसल्या.

"गाणं काढून टाकलंस?" ताईंनी विचारलं.

तो माझ्याकडे बघायला लागला. "आत्या, ते एकदम चालायलंय. आत्ता काढलं तर इमेजची वाट लागती. पण मी सॉरी बोललो ना."

मी घाईघाईने मध्ये पडले. "ताई, पोराला पश्चात्ताप झालाय. घरातलं घरात मिटवू या."

"वहिनी, शिवी चौकात आणि माफी माजघरात?" ताई म्हणाल्या. "खालच्या पोरांना काय सांगू? माझ्या घरी नारळ आलाय म्हणून?"

पोराला आवरायच्या नादात मी ताईंचंच तोंड बंद करायला निघाले होते. आणि वर नारळ! मला स्वतःचा असा संताप आला की मीच त्याच्या खिशातला फोन काढून त्याच्या हातात दिला.

त्याने फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला. सुस्कारा सोडला. ताई म्हणाल्या, "हे नक्को." त्याने पुन्हा सुरुवात केली, पण जीभ सवयीने सोंगाकडेच वळली. तेच हेल, तेच हात नाचवणं, "अगे माँ, आत्याकू लई वाईट वाटलं बघा..."

"माझ्या आवाजात नको," ताई म्हणाल्या. "तुझ्या आवाजात बोल."

त्याने नाचणारे हात मांडीवर ठेवले. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. त्याचा स्वतःचा आवाज कसा होता, हे मीही आठवायला लागले आणि मला भीतीच वाटली. शेवटी तो बोलला, अडखळत, कुठेही यमक न जुळवता. "मी माझ्या आत्याला वाईट बोललो. तिने मला सांभाळलंय. गाणं मी काढून टाकतो. ती ओळ तिला कुणी म्हणू नका." ताईंच्या समोरच त्याने तो व्हिडिओ टाकला आणि गाणं काढलं.

ताईंनी नारळ देवापाशी ठेवला आणि पिशवी उचलली. "कोथिंबीर संपलीय," म्हणाल्या. आम्ही तिघं खाली उतरलो. फाटकाशी पोरांचा घोळका होता. माफीचा व्हिडिओ इतक्यात कुणी काय बघणार? ताई दिसताच मागून एक जण ओरडला, "तेरेकू कौन पूछा, आत्या?" बाकीचे खिदळले. ताई नजर सरळ ठेवून, पावलांचा वेग न बदलता चालत राहिल्या. आमचा मुलगा मात्र जागीच थिजला. कानांना हेडफोन लावून त्याने ती ओळ कितीदा तरी ऐकली असेल, पण आत्याच्या शेजारी उभं राहून तो ती पहिल्यांदाच ऐकत होता.