ज्वारीवर बांधलेलं लग्न

सीडी सुरू झाली आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावर भलतीच नवरी आली.

दारव्ह्याच्या वकील साहेबांच्या ऑफिसात आम्ही बसलो होतो. वकील साहेब, मी, बोरी अरबकडच्या एका खेड्यातले किसनराव आणि त्यांची लेक वंदना. सीडी वंदनाच्या लग्नाची होती. शूटिंग मी केलं होतं. पण पडद्यावर हळदीला बसलेली पोरगी वंदना नव्हती. मांडव तो नव्हता. आणि वरून सिनेमाचं गाणं वाजत होतं.

वकील साहेबांनी विचारलं, “हे कोण लोक आहेत?”

किसनराव उठून पडद्याला नाक लावून उभे राहिले. “मले त एकही माणूस वयखू येऊन नाही राह्यला, साहेब.”

सीडी पुढे नेली, मागे आणली. नवरदेव वेगळा, वऱ्हाड वेगळं. वंदना खुर्चीवर तशीच बसून होती. तिचं तोंड पांढरं पडलं होतं.

तिचं सगळं त्या सीडीवर होतं. नेरकडच्या गजाननशी तिचं लग्न झालं, दोन-तीन सालं संसार झाला. मग त्यानं तिला माहेरी धाडून दिलं आणि दुसरी बायको आणली. वंदनानं खावटीची, म्हणजे पोटगीची, केस टाकली. तर समोरून जबाब आला की लग्नच झालं नाही! म्हणे सोयरीक झाली होती, ती मोडली. गजाननला बाप नव्हता, घरात चालतं ते मोठ्या काकाचं, वामनरावांचं. त्यांनी कोर्टात तसं लिहून दिलं. फोटोचा अल्बम सासरी राहिला होता. लग्न लावणारे महाराज वारले होते.

“तुमच्या गावचे लोक तुमच्याच बाजूनं बोलणार,” असं वकील साहेबांनी आधीच सांगितलं होतं. “त्यांच्याकडचा माणूस मांडवात दिसला पाहिजे.” म्हणून मला साक्षीला बोलावलं. आणि ही सीडी.

मी विचारलं, “किसनराव, कॅसेट कुठं आहे?”

“कायची कॅसेट?”

“मी दिली ती. कायी. विटेएवढी.”

किसनराव जमिनीकडं पाहू लागले. “आहे ना. वावरात आहे.”

“वावरात? राखणीच्या खोपडीत ठेवली काय?”

“खोपडीत नाही, भाऊ. ज्वारीवर.”

आता थोडं धंद्याचं सांगतो. मी चौथी शिकलो. पण नेरच्या बसस्टँडजवळ माझं व्हिडिओचं दुकान होतं आणि मशीन उघडून दुरुस्त करणारा त्या भागात मी एकच होतो. सुरुवातीला दोन जातीच्या कॅसेटी होत्या. एक बीटा, लहान. एक व्हीएचएस, मोठी. एकीची कॅसेट दुसरीच्या मशीनमध्ये जात नसे. मुंबईचे लोक म्हणत बीटाचं चित्र चांगलं. मी व्हीएचएस घेतली, कारण तिच्यावर अख्खं लग्न मावत होतं. बीटावाले बसले. मी दहा गावांत टीव्ही-व्हीसीआर भाड्यानं नेला, मग कॅमेरा घेतला.

मग सीडी आली. ती आली तेव्हा कापसाचा भाव पडला होता. लोकांच्या घरात कापूस तसाच भरून होता. लग्नात पहिली काट शूटिंगवर. अशात यवतमाळच्या एका सीडीवाल्यानं गावोगाव भोंगा फिरवला. कॅसेट खराब होते, बुरशी धरते, आमच्याकडून सीडी करून घ्या, जन्मभर टिकते. लोकांनी कॅसेटी पोत्यात भरून दिल्या. मी म्हणालो, मी सीडी करणार नाही. लोक हसले. हसू दिलं.

वकील साहेबांच्या ऑफिसातून निघालो, त्याच दिवशी मी किसनरावांच्या वावरात गेलो.

आमच्याकडं ज्वारी दाण्यावर आली की पाखरं तुटून पडतात. मग लोक कॅसेटची पट्टी या बांधापासून त्या बांधापर्यंत ताणून बांधतात. वाऱ्यानं ती घूं घूं वाजते, उन्हात चमकते, पाखरू बसत नाही. गाण्याच्या कॅसेटीची पट्टी अशी बांधतात हे मला माहीत होतं. पण आपण केलेलं लग्न कोणी बांधेल हे कधी मनात आलं नव्हतं. सगळं वावर वाजत होतं. मी बांधावर मटकन बसलो.

“हे काय केलं तुम्ही? काहून केलं?”

“सीडी झाली, मंग कॅसेटले का करू? कापूस त मातीमोल झाला, निदान ज्वारी त वाचू द्या.”

“सीडी पाह्यली होती तुम्ही?”

“कशात पाहू? घरी काय मशीन आहे?”

“मंग केली कायले?”

“सगळ्याइनं केली,” किसनराव म्हणाले.

ती सीडी त्यांनी हळदकुंकू लावून पेटीत जपून ठेवली होती. वकील साहेबांकडं नेईपर्यंत कोणी डोळ्यांनी पाहिली नव्हती.

माझ्याकडं दुसरी कॉपी नव्हती. मूळ कॅसेटवर पुढचं लग्न करायचं, हा आमच्या धंद्यातला रिवाजच. नवी कॅसेट महाग पडे.

मी विचारलं, “डबा कुठं आहे? वरचा प्लास्टिकचा?”

डबा घरी होता. समोरच्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस. त्याच्यावर चढून वंदनानं डबा काढून आणला. हातात घेतला तर जड लागला. उघडून पाहिलं. आत अर्धी पट्टी शाबूत!

“अर्धी उरली,” किसनराव म्हणाले. “पुढच्या साली कामी पडन म्हणून ठेवली.”

त्यांच्या काटकसरीला मी तिथंच हात जोडले. आणि दुसरी गोष्ट. पट्टी उजव्या चाकावर होती. म्हणजे कॅसेट शेवटपर्यंत चालवून कोणीतरी रिवाइंड न करता तशीच परत दिली होती. रिवाइंड म्हणजे पट्टी उलटी गुंडाळून सुरुवातीला आणणं. न करणाऱ्याला मी दुकानात चार शब्द ऐकवल्याशिवाय सोडत नसे. पण त्या आळसानं असं झालं की किसनरावांनी शेवटाकडून पट्टी ओढली. पंगत, बिदाई वावरात गेली. हळद, वरात आणि हार घालणं डब्यात राहिलं.

मी ती पट्टी नव्या डब्यात बसवली आणि दुकानात लावली. वंदना स्टुलावर टेकली. वरात आली. मांडव आला. हार घातले. चित्र साफ होतं. फक्त नवरदेवाच्या तोंडावर फुलांचा सेहरा. एवढा दाट की नाकाचा शेंडाही दिसेना.

“हे गजाननच आहेत, काका,” वंदना म्हणाली.

“मले मालूम आहे. कोर्टाले कसं मालूम होईन? सेहऱ्यात कोणीही असू शकते.”

आणि हार पडताच चित्र संपलं. तिथून पुढचं लग्न ज्वारीवर होतं.

वंदना पडद्याजवळ सरकली. मग म्हणाली, “काका, मोठ्या मामंजींनी तुमच्या माइकात आशीर्वाद दिला होता ना?”

वामनरावांनी दिला होता. ती माझी सवय होती. हार पडले की मी दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांपुढं माइक धरी. नाव सांगा, कोण लागता ते सांगा, नवरा-नवरीला आशीर्वाद द्या. लोक मला हसत. शहरातले शूटिंगवाले बदामाच्या आकारात नवरी दाखवत, वर गाणं टाकत. माझ्या कॅसेटीत माणसं बोलत.

“मंग आपण वावरातली पट्टी काढून आणू,” ती म्हणाली.

“पोरी, उन्हादवात राह्यली ती. पीळ पडले. त्यात काय असन?”

“पाहू त.”

दुसऱ्या दिवशी दव सुकू दिलं आणि लागलो. पतंगाच्या चक्रीवर गुंडाळली. वंदना खुंट्यावरून सोडे, तिची आई मऊ फडक्यातून पट्टी ओढून पुसत होती, मी पीळ काढून गुंडाळत होतो. किसनराव मागं मागं फिरत होते.

“आता पाखरं खातीन, शंकरभाऊ. सारी ज्वारी खातीन.”

त्यांची बायको म्हणाली, “खाऊ द्या. पोरीपक्षा ज्वारी मोठी झाली काय? पाखरू येते त तुम्ही हाकला. हात त आहे ना तुम्हाले?”

किसनराव गोफण घेऊन बांधावर गेले.

दुकानात पट्टी लावली. पडद्यावर नुसत्या मुंग्या. मशीनच्या आत एक फिरतं डोकं असतं, ते पट्टीवरचं चित्र वाचतं. कापसाचा एक तंतू चिकटला तरी आंधळं होतं. इथं तर धूळ, तंतू, ज्वारीचा कोंडा, सगळं होतं. पुसलं, लावलं. पुन्हा पुसलं, पुन्हा लावलं. मुंग्याच. एखाद वेळ कोणाची टोपी दिसे आणि जाई. मी बंद करायला हात घातला.

तेवढ्यात आवाज आला. माझाच. “नाव सांगा.”

मी मशीनवरचा हात असा काढला जसा चटका बसला. चित्र गेलं होतं, आवाज राहिला होता. तसं होऊ शकतं. कॅसेटीत आवाज पट्टीच्या काठानं वेगळा जातो, तो दणकट असतो. मला हे माहीत होतं, तरी अंगावर काटा आला. पुढचं आम्ही दोघांनी श्वास धरून ऐकलं. वंदनानं तोंडाला पदर लावला.

वकील साहेबांना फोन केला. म्हणालो, मी टीव्ही आणि व्हीसीआर घेऊन येतो.

“अहो शंकरराव, कुठं वाहून आणता ते? समोरच्या पार्टीच्या वकिलाकडं कॉम्प्युटर आहे, कोर्टाआधी तिथंच दाखवू. सीडी करून आणा.”

फोन ठेवला आणि तसाच उभा राहिलो. सीडी! अख्ख्या तालुक्यात मी सांगत फिरलो होतो की त्या यवतमाळच्या सीडीवाल्याच्या दुकानाची पायरी चढणार नाही.

चढलो. माझं मशीन डोक्यावर घेऊन चढलो.

“या काका, या,” सीडीवाला हसला. “शेवटी आलेच ना सीडीवर!”

“तू आधी हे पाहा,” मी ती भलतीच सीडी त्याच्यापुढं ठेवली. “दुसऱ्याचं लग्न तू आमच्या वंदनाच्या नावावर लावलं.”

त्याचं हसू गेलं. पोतंभर कॅसेटींच्या सीड्या केल्या, त्या सीड्यांच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली, म्हणाला. कोणाचं कोणाला गेलं, त्यालाही सांगता येईना. कॉम्प्युटरमधलं सगळं त्यानं पुसून टाकलं होतं. पैसे नको म्हणाला. मग मुंग्या पाहून म्हणाला, “काका, चित्र त काहीच नाही. मस्त एक गाणं टाकून देऊ वरून?”

“आवाजाले हात लावशीन त याद राख!”

सीडी झाल्यावर मी स्टूल ओढलं आणि म्हणालो, लाव. सुरुवातीपासून शेवटपर्यंत. मुंग्यासकट. तो जांभया देत होता. मी हललो नाही.

समोरच्या वकिलाच्या ऑफिसात वामनराव पांढरी टोपी घालून आले होते. गजानन बाजूला. आधी हार घातलेलं चित्र दाखवलं. वामनराव हसले.

“सेहऱ्यात कोणीही बसते, साहेब. आमचा गजानन कुठं दिसून राह्यला?”

मग मुंग्या आल्या.

“हे का आहे? मुंग्या पाहाले बलावलं काय आम्हाले?”

“नाव सांगा,” कॉम्प्युटरमधून माझा आवाज आला.

“वामन. वामनराव म्हणतात मले.”

खोलीतले वामनराव खुर्चीत पुढं सरकले.

“नवरदेवाचे कोण?”

“गजाननचा मोठा काका. त्याले बाप नाही. मीच बाप.”

“नवरीले आशीर्वाद द्या.”

“आशीर्वाद काय? आमच्या घरी लक्ष्मी आली. या वंदनाच्या डोयात कधी पाणी आलं, त माह्या तोंडावर थुंका. अख्ख्या गावानं थुंका!” आणि मागं लोकांच्या टाळ्या.

तेवढ्यापुरतं चित्रही क्षणभर आलं. तीच टोपी, त्याच मिशा. मग पुन्हा मुंग्या.

त्यांच्या वकिलानं चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि वामनरावांकडं पाहिलं. गजानन दाराकडं पाहत होता. वामनरावांनी टोपी काढून मांडीवर घेतली. तो माणूस डोक्यावर टोपी नसलेला मी पहिल्यांदा पाहिला.

वंदना खुर्चीवरून उठली. त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. मी घाबरलो, आता ही थुंकते. तिनं पदर सावरला.

“मामंजी,” ती म्हणाली, “पुन्हा लावू काय?”

वामनरावांनी मान हलवली. “नको, माय. आवाज माहाच आहे.”

जबाब मागं घेतला गेला. खावटी बांधून मिळाली. लग्नात दिलेली भांडी, अल्बम, सगळं परत आलं. ती नांदायला गेली नाही. तिनं नको म्हटलं ते बरं केलं. किसनरावांची बांधाकडची ज्वारी पाखरांनी खाल्ली. त्यावरून ते मला अजून ऐकवतात.

पुढं सीडीवाल्याचंही दुकान बसलं. आता लग्न मोबाइलमध्ये मावतं. कोणती जात चांगली, हा वाद माझ्याशी घालायला येऊ नका, मी कॅसेटच म्हणणार. पण दोन गोष्टी शिकलो त्या सांगतो. जुनं टाकायच्या आधी नवं एकदा शेवटपर्यंत पाहून घ्या. आणि मांडवात कोणी तोंडापुढं माइक धरला, तर जेवढं निभवता येईल तेवढंच बोला.