सिंधूअक्का पुरावा मागत

टीव्हीवरचा गुन्हेगार कबुली द्यायला लागला की सिंधूअक्का टीव्ही बंद करत. नव्वदनंतरची ती वर्षं. धुळ्याजवळच्या एका गावात मी शाळामास्तर होतो आणि अक्कांच्या पिठाच्या गिरणीमागच्या खोलीत भाड्याने राहत होतो. खऱ्या गुन्ह्यांवरचा कार्यक्रम लागला की निम्मी गल्ली त्यांच्याकडे जमायची, आणि नेमका रंग भरला की पडदा काळा! लोक ओरडायचे. अक्का पदराला पिठाचे हात पुसत म्हणायच्या, "मार खाईसन कोनबी कबूल करस. पुरावा काय शे, ते सांगा."

मला तो विक्षिप्तपणा वाटायचा.

एका उन्हाळ्यात पंचायतीची पाण्याची मोटर चोरीला गेली. चार दिवसांनी ती नाल्यात सापडली, हे गावाला ठाऊक होतं. तरी पोलीस जमादाराने सातपुड्यातून कामाला आलेल्या रुमाल्या नावाच्या मजुराला धरलं आणि पंचनाम्याचा कागद घेऊन तो गिरणीत आला. मोटर रुमाल्याच्या झोपडीत पंचांसमोर मिळाली, असं त्यात लिहिलं होतं. मी नोकरदार माणूस. मुकाट्याने पंच म्हणून सही केली.

अक्कांनी चष्मा लावून कागद शेवटपर्यंत वाचला. "मी त्यानी झोपडीमा गऊच नई. मंग सही कशी करू?"

"अक्का, चोर सापडायला नको का?" जमादार हसला. "गिरणीचं लायसन आहे ना?"

"बंद करा गिरणी. घरमा जातं शे, त्यावर दळसू."

गिरणी बंद पडली नाही, पण जमादाराच्या धाकाने लोक दळण शेजारच्या गावी नेऊ लागले. अक्का वाकल्या नाहीत. मला त्या कधी टोचून बोलल्या नाहीत. कोर्टाचं समन्स आलं तेव्हा मात्र म्हणाल्या, "मास्तर, तुम्ही जे देखं, तेच सांगा." आणि माझ्यासोबत एसटीत बसल्या.

"सही माझीच आहे," मी साक्षीत म्हणालो. "पण मी झोपडीत गेलो नव्हतो. मोटर नाल्यात सापडली होती." न्यायाधीशांनी मला चांगलंच झापलं. पुढच्या तारखेला रुमाल्या सुटला.

"न्याय झाला, अक्का," कोर्टाच्या व्हरांड्यात मी म्हणालो. रुमाल्या शेजारीच मान खाली घालून उभा होता.

"कसाना न्याय? आठ महिना हाऊ कोठडीमा व्हता!"

तेवढ्यात जमादार समोरून निघाला. अक्कांनी पदर खोचला. "जमादार, नालामा मोटर कोनी फेकी?"

वकील, पक्षकार, सगळे थबकले. जमादाराने पाय उचलला. अक्का त्याच्या मागोमाग निघाल्या, फाटकापर्यंत तोच प्रश्न विचारत, दर वेळी आधीपेक्षा मोठ्याने. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं, तेव्हा रुमाल्याही मान वर करून त्यांच्याबरोबर चालत होता.